नागपूर ते कन्याकुमारी सायकलने: 19 किलोचं सामान 8 किलोवर कसं आणायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत नागपूरहून कन्याकुमारीपर्यंत एकट्याने सायकलने जायचं आहे. सायकल हायब्रिड, टायर 700 बाय 35 चे, मागे अ‍ॅल्युमिनियमचं कॅरिअर. यादीतलं सगळं सामान काट्यावर ठेवलं तर 19 किलो भरलं. ते 10 किलोच्या आत आणायचं आहे आणि त्यासाठी हलका तंबू, महागडी स्लीपिंग बॅग, टायटॅनियमची भांडी घ्यावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

यातलं काहीच घेऊ नका. वजन कमी करायला पैसे लागतात हा समज दुकानांनी पसरवला आहे. तुमच्या यादीतलं निम्मं वजन फक्त वस्तू घरी ठेवून जाईल, आणि ते गेल्यावर उरलेल्या वस्तू हलक्या करण्याची गरज फारशी उरणार नाही.

सामान ठरवताना मी एकच कसोटी लावतो: ही वस्तू वाटेत मिळते का? राष्ट्रीय महामार्ग 44 वर नागपूरहून निघालात की बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी, मग पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, हैदराबाद. या सगळ्या वाटेवर दर वीस-तीस किलोमीटरला चहाची टपरी, किराणा दुकान, मेडिकल आणि पंक्चरवाला आहे. 1923 साली मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1928 मध्ये परत आले. मेसोपोटेमियाचं वाळवंट पार करताना त्यांना मागे-पुढे काहीच मिळणार नव्हतं, त्यांना सगळं बरोबर नेणं भाग होतं. तुम्हाला नाही. साबण, टूथपेस्ट, केळी, ओआरएस, सुतळी, मोजे, टोपी, रेनकोट, हे सगळं रस्ता विकतो. रस्ता जे विकत नाही ते दोनच प्रकारचं असतं: तुमच्या सायकलच्या मापाचं आणि तुमच्या शरीराच्या मापाचं. तेवढं बरोबर न्यायचं.

वजन नेमकं कुठे त्रास देतं हेही एकदा नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण चढाला घाबरून यादी कापतात. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर आहे आणि बंगळुरू साधारण 900 मीटरवर. हजारापेक्षा जास्त किलोमीटरमध्ये एकूण चढ सहाशे मीटरचा, मधले लहानमोठे चढउतार वेगळे. दहा किलो जास्तीचं वजन हे सहाशे मीटर वर न्यायला साधारण 59,000 जूल लागतात. शंभर वॅटच्या आसपास पाय चालवणाऱ्याला ही दहा मिनिटांची जास्तीची मेहनत झाली. दहा मिनिटांसाठी कोणी एवढा जीव काढत नाही. सपाट रस्त्यावर तर वजनापेक्षा वारा जास्त अडवतो, म्हणून तिथे बॅग किती किलोची यापेक्षा ती किती फुगलेली आणि किती रुंद हे महत्त्वाचं.

वजनाचा खरा मार बसतो मागच्या चाकावर. आधीच तुमच्या वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर असतो, त्यात कॅरिअरचं सगळं ओझं तिथेच. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या, म्हणजे चेनकडच्या तारा (स्पोक) डावीपेक्षा जास्त ताणलेल्या असतात आणि त्या हबपाशी, जिथे वाकतात तिथेच तुटतात. एक तार तुटली की चाकाला आऊट येतो, म्हणजे ते डगमगत फिरतं, बाकीच्या तारांवर ताण वाढतो आणि दुसरी तुटायला वेळ लागत नाही. शिवाय उजवीकडची तार बदलायची तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चक्रांचा संच, काढावी लागते आणि तिचा पान्हा गावातल्या दुकानात सहसा नसतो. म्हणून बॅग हलकी करण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे निघण्याआधी चांगल्या मेकॅनिककडून मागच्या चाकाचा आऊट काढून घेणं आणि सगळ्या तारांचा ताण तपासून घेणं. तारा अगदी जुन्या असतील तर पूर्ण चाक नव्या तारांनी भरून घ्या. हा खर्च टायटॅनियमच्या भांड्यांपेक्षा नक्कीच कमी आहे.

दुसरा मार उतारावर. धर्मपुरी ते सेलममधला तोप्पूर घाट तुम्हाला उतरायचा आहे. ट्रकच्या अपघातांसाठी बदनाम असलेला घाट आहे. तिथे प्रत्येक जास्तीचा किलो ब्रेकला थांबवावा लागतो. ब्रेकच्या पॅडची एक नवी जोडी बरोबर ठेवा, बंगळुरूत जुने पॅड बघा आणि अर्ध्याच्या खाली झिजले असतील तर तिथेच बदला.

तिसरा त्रास रोजचा, आणि माणूस कंटाळतो तो यानेच. संध्याकाळी लॉजचा जिना चढून सायकल वर न्यायची असते. मॅनेजर सायकल खोलीत ठेवू देतो, पण उचलायची तुम्हालाच. सामान जास्त असलं की दोन-तीन फेऱ्या होतात, आणि त्यातल्या एका फेरीत सायकल खाली एकटी उभी राहते. सकाळी तीच वर्दळ उलटी. बॅगेत चाळीस वस्तू असतील तर हवी ती नेहमी तळाशी सापडते आणि साडेसहाला निघायचं ते साडेसात होतात. जानेवारीतही कर्नूलच्या पुढे दुपारचं ऊन लागतं, त्यामुळे सकाळचा एक तास फार मोलाचा आहे.

आता तुमच्या यादीला हात घालू.

तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट, साडेचार किलो. तिन्ही घरी. या रस्त्यावर मुक्कामाची गावं पुरेशी आहेत. हिंगणघाट साधारण पंचाहत्तर किलोमीटर, पांढरकवडा दीडशेच्या आसपास, आदिलाबाद दोनशेच्या अलीकडे-पलीकडे. पहिल्या तीन दिवसांतच कळेल की कुठेही अडून राहायला होत नाही. तंबू लागतो तो लडाखला, किंवा मुद्दाम जंगलाच्या कडेने जाणाऱ्यांना. लॉजच्या चादरी बघून कसंतरी होत असेल तर आईची जुनी सुती साडी घ्या, दुहेरी करून तीन बाजूंनी शिवून घ्या. चारशे-साडेचारशे ग्रॅममध्ये धुतलेलं, ओळखीच्या वासाचं अंथरूण तयार होतं. सोलापुरी चादर मात्र नको, ती एकटीच किलोच्या वर जाते.

स्टोव्ह, भांडी, मॅगी आणि चहाचं सामान, अडीच किलो. घरी. सकाळी सहाला या रस्त्यावर जो चहा मिळतो तो तुमच्या स्टोव्हवर होणार नाही. आणि पांढरकवड्यापर्यंत तर्री-पोहे आहेत, पुढे इडली आणि उपमा सुरू होतो.

जीन्स काढा, ती सातशे-आठशे ग्रॅमची असते आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. तिच्या जागी लवकर वाळणारी पातळ पँट. टर्किश टॉवेल काढा आणि पंचा घ्या. जाड स्वेटर काढा, त्याबद्दल खाली लिहितो. पाच टी-शर्टपैकी तीन काढा. लॅपटॉप काढा. ऑफिसचं काम करावं लागेल असं वाटत असेल तर सुट्टी नीट घ्या आणि मग निघा. 20,000 एमएएचचा पॉवर बँक असेल तर 10,000 चा घ्या, रोज रात्री खोलीत प्लग आहे. चार्जर एकच, दोन तोंडांचा, आणि फोन, लाइट, पॉवर बँक तिन्हींना चालेल अशी एकच केबल. मोठं लोखंडी कुलूप नको. सायकल रात्री खोलीत असते आणि दिवसा जेवताना नजरेसमोर, त्यासाठी बारीक केबलचं कुलूप पुरतं.

आणि घरून मिळणारा चिवडा-लाडवांचा डबा. आई देईलच, नाही म्हणू नका, पण पाव किलोच घ्या आणि हिंगणघाटच्या आत संपवा.

कपड्यांचा हिशेब असा. सायकलवर घालायचे दोन जोड, संध्याकाळचा एक जोड, बस्स. पॅडवाली शॉर्ट दोन हव्यातच, कारण हीच वस्तू रस्ता विकत नाही. तिच्या आत अंडरवेअर घालायची नसते. शिवण घासते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसणं मुश्किल होतं. शॉर्ट रोज धुवायची, एकही दिवस चुकवायचा नाही, कारण पॅडमधल्या घामातूनच फोड येतात.

रात्रीत वाळेल का ही सगळ्यांचीच शंका असते. वाळतं, पण पिळायची एक पद्धत आहे. कपडा हाताने पिळून घ्या. मग कोरडा पंचा पलंगावर पसरा, त्यावर ओली जर्सी सपाट ठेवा आणि दोन्ही मिळून घट्ट सुरळी करा. सुरळीचं एक टोक पायाखाली दाबा आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी जेवढं फिरेल तेवढं फिरवा. पंचा ओला होतो, जर्सी जवळजवळ कोरडी निघते. मग पंख्याखाली दोरी बांधून टाका. पॅडची शॉर्ट उलटी करून, पॅड पंख्याकडे येईल अशी. आदिलाबादला जानेवारीत रात्री चांगलीच थंडी असते, तेलंगणातल्या सर्वात थंड भागांपैकी तो एक, म्हणून तिथे खोलीत शिरल्या शिरल्या आधी कपडे धुवा, मग जेवायला जा.

थंडीसाठी एक पातळ विंडचीटर आणि हाताच्या बाह्या. जानेवारीत नागपूरहून पहाटे निघताना तापमान दहा-बारा अंशांवर असू शकतं, पण नऊ वाजेपर्यंत सगळं उतरवावं लागतं आणि सेलमच्या पुढे तर बॅगेत पडून राहतं. पहिल्या दोन-तीन सकाळी छातीवर, विंडचीटरच्या आत कालचं वर्तमानपत्र घाला. सायकलवाल्यांची फार जुनी युक्ती आहे, वारा अडतो आणि चहाच्या टपरीवर कागद टाकून देता येतो. डोक्याला आणि मानेला आपला नागपुरी दुपट्टा. सकाळी थंडीला, दुपारी उन्हाला, धुळीत नाकावर, पंचा ओला असेल तर अंग पुसायला. एकाच वस्तूने चार कामं होत असतील तर ती वस्तू बॅगेत हवीच.

जो थंडीचा कपडा हैदराबादच्या पुढे लागणार नाही तो हैदराबादच्या पोस्टातून पार्सल करून घरी पाठवून द्या. ही सोय फार कमी लोक वापरतात. पाठवताना यादी परत बघा, आतापर्यंत एकदाही न उघडलेलं जे काही असेल तेही त्याच पार्सलमध्ये जाऊ द्या.

आता जे न्यायचंच, आणि ज्यात कंजुषी करायची नाही. मागचा लाल लाइट, हेल्मेट, रात्री चमकणारं जाकीट आणि चांगला पंप. टायर जरा जड, पंक्चर रोखणाऱ्या थराचे असले तरी चालतील, तिथले दोनशे ग्रॅम वाचवू नका.

कारण या रस्त्याला टायरचा खरा शत्रू बाभळीच्या काट्यापेक्षा वेगळा आहे. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या रस्त्याच्या कडेला पडून राहतात आणि त्यातल्या बारीक पोलादी तारा सुटून त्याच पट्ट्यात पसरतात जिथून सायकल जाते. ही तार केसाएवढी, अर्धा-पाऊण सेंटीमीटरची. टायरमध्ये शिरते आणि हवा हळूहळू जाते. तुम्ही ट्यूब बदलता, पाच किलोमीटरवर परत पंक्चर, आणि वाटतं ट्यूबच खराब निघाली. तार टायरमध्येच असते. बाहेरून दिसत नाही, आतून बोट फिरवलं तरी दर वेळी लागत नाही. म्हणून ट्यूब काढताना ती टायरमध्ये कुठे होती हे लक्षात ठेवा. त्यासाठी टायरचं नाव छापलेली जागा नेहमी व्हॉल्व्हपाशी बसवलेली असावी. ट्यूबला हवा भरून छिद्र कुठे आहे ते ऐका, तेवढ्याच अंतरावर टायर उलटा करून वाकवा, म्हणजे तारेचं टोक वर येतं. ते बोटांनी निघत नाही, भुवयांच्या चिमट्याने निघतं. पाच-दहा ग्रॅमचा हा चिमटा माझ्या मते हत्यारांच्या पिशवीतली सगळ्यात कामाची वस्तू आहे.

बाकी हत्यारं अशी: चेन तोडणीसह मल्टिटूल, तुमच्या मापाच्या दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर काढायच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, चेनची जोडकडी, गिअरची आतली एक केबल, तुमच्या चाकाच्या मापाच्या तीन-चार तारा निपलसह. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून मेकॅनिककडून दोन्ही मापं घ्या आणि त्या तारा फ्रेमला टेपने चिकटवून टाका. फाटलेल्या टायरच्या आत लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. तेल मोठ्या बाटलीत नको, डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली भरून घ्या. कॅरिअरचे दोन जास्तीचे बोल्ट. कॅरिअरचे बोल्ट रोज सकाळी हाताने तपासा, ते कंपनाने ढिले होतात.

तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर पितळी अडॅप्टर दोन घ्या. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो, अडॅप्टरशिवाय तो तुमच्या काही कामाचा नाही. आणि हवा भरताना मीटर बघत राहा, सायकलची ट्यूब क्षणात भरते.

यादीत तुम्ही लिहिलेली नाही अशी एक वस्तू म्हणजे डिरेलर हँगर. मागचा गिअर ज्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो तुकडा. ढाब्यावर सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकतो. दिसायला काहीच झालेलं नसतं. पुढच्या चढावर सगळ्यात हलक्या गिअरवर टाकलं की गिअरची यंत्रणा चाकाच्या तारांत जाते, मग गिअर, तारा, कधी चेन, सगळं एकदम संपतं. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, अनंतपूरला मिळणार नाही. वीस-तीस ग्रॅमचा तुकडा आहे, आजच शोधायला लागा, कारण मागवावा लागला तर दिवस जातात. सायकल टेकवताना नेहमी डावी बाजू भिंतीला आणि चेनची बाजू बाहेर. पडल्यावर मात्र आधी मागून बघा, गिअरची दोन छोटी चक्रं चाकाला समांतर दिसतात का.

औषधांत तुमची नेहमीची असतील ती पूर्ण दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. बाकी थोडं बँडेज, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉल, ओआरएसची चार पाकिटं. चष्मा असेल तर दुसरा चष्मा. मूळ आधार कार्ड, कारण लॉजवर ते मागतात, आणि रोख पैसे दोन जागी.

पाणी हेच सगळ्यात जड सामान, एक लिटर म्हणजे एक किलो. जानेवारीत फ्रेमवरच्या दोन बाटल्या पुरतात. तुम्ही लिहिलेला पाच लिटरचा कॅन मे महिन्यातला विचार आहे, आणि मे महिन्यात विदर्भातून सायकल चालवूच नये.

बॅगेबद्दल. चाळीस लिटरच्या जोडीऐवजी पंधरा-पंधरा लिटरच्या दोन पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा, घ्या, नाहीतर मित्राकडे मागून घ्या. मोठ्या बॅगेत रिकामी जागा राहिली की ती निघायच्या आदल्या रात्री भरली जाते. पाठीवर सॅक नको, ते वजन हातांवर आणि सीटवर येतं आणि पाठ दिवसभर ओली राहते. जड वस्तू तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारख्या. पाऊस जानेवारीत दक्षिणेत फारसा नाही, तमिळनाडूचा ईशान्य मोसमी पाऊस बहुतेक डिसेंबरपर्यंत आटोपतो. तरी प्रत्येक बॅगेत आतून कचऱ्याची जाड काळी पिशवी लावा, बाहेरच्या कव्हरपेक्षा ती भरवशाची.

असं सगळं धरून बॅगांसकट आणि पाण्याशिवाय आठ किलोच्या आसपास बसतं. वजन एकेका वस्तूचं स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा आणि कागदावर लिहा, अंदाजाने नको. शंभर-दीडशे ग्रॅमच्या दहा वस्तू कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि त्यांचाच सव्वा किलो होतो.

निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण सामान लादून रामटेकला जा. साधारण पन्नास किलोमीटर आहे, रात्री तिथे राहा, कपडे धुऊन वाळवून बघा, सकाळी सामानासकट गडाचा रस्ता चढा आणि तोच रस्ता उतरताना ब्रेकचा अंदाज घ्या. नागपूर शहरात सेमिनरी हिल्स सोडली तर चढच नाही, त्यामुळे घराजवळच्या सरावाने काही कळत नाही. परत आल्यावर त्या दोन दिवसांत न उघडलेल्या वस्तू पलंगावर मांडा. औषधं आणि हत्यारं ठेवा, बाकी सगळ्या काढा.

तारखांचंही बघा. एक जानेवारीला निघून दिवसाला नव्वद-शंभर किलोमीटर धरले तर तुम्ही ऐन पोंगलला, म्हणजे 14-15 जानेवारीच्या सुमाराला तमिळनाडूत असाल. लॉज आणि गाड्या दोन्ही भरलेल्या असतात. शक्य असेल तर संक्रांत घरी करून निघा. परतीला कन्याकुमारीहून नागपूरमार्गे जाणारी हिमसागर एक्सप्रेस आहे, पण आठवड्यातून एकदाच, म्हणून तिकीट आत्ताच काढा. सायकल पार्सल ऑफिसमध्ये वेळेच्या बऱ्याच आधी न्या, पेडल काढून हँडल फ्रेमला समांतर बांधा, आणि गिअरवर पुठ्ठा गुंडाळायला विसरू नका, कारण हँगर तिथेही वाकतो.